काम नंबर ४१२ आणि रिकामी खुर्ची

मी, आकाराम धोंडी बनसोडे, वय वर्षे ६८, मूळ गाव रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा, हल्ली मुक्काम इस्लामपूर, ता. वाळवा, जि. सांगली, धंदा फोटो काढणे, आता बंद, आज रविवार दि. ६ ऑक्टोबर १९९६ रोजी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेलं नाही. खरं सांगायचं तर हे लिहिताना घरात दुसरं कोणी नाहीच, त्यामुळे दडपण आणणार कोण हा प्रश्न येत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. १९८९ साली एकदा करायला बसलो होतो, पण कलम सातापाशी येऊन थांबलो आणि कागद फाडून टाकला. या वेळी मुद्दाम स्टँपपेपरवर लिहायला घेतलं आहे, कारण स्टँपपेपर फाडायला जिवावर येतं.

मला बायको नाही, मूल नाही. मूल नाही हे पुन्हा लिहितो. मला औरस, अनौरस, कसलंही मूल नाही आणि नव्हतं. हे वाक्य वकिली थाटासाठी घातलेलं नाही. ते का घातलं हे कलम सातात येईल.

कलम १. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून, थोडक्यात उरकावा. भाषणं नकोत. माझा फोटो भिंतीवर लावू नये, पेपरात देऊ नये. या तालुक्यातल्या कितीतरी माणसांचे मेल्यानंतर लावायचे फोटो मी मोठे करून दिले, त्यांचे पडलेले गाल भरून दिले, मिटलेले डोळे उघडून दिले. माझा स्वतःचा असा एकच फोटो आहे आणि त्याची भानगड पुढे येते.

कलम २. दुकानाचा गाळा माझ्या मालकीचा आहे. तो माझा पुतण्या महेंद्र दगडू बनसोडे, राहणार सांगली, याला द्यावा. महेंद्र चार महिन्यांतून एकदा येतो, दारातूनच छताकडे बघतो आणि म्हणतो, "काका, ह्या कोळिष्टकांत काय ठेवलंय? झेरॉक्सचं मशीन टाकू." टाक बाबा. माझी त्याला हरकत नाही. १९८४ साली ह्याच्या लग्नात फोटो काढायला सांगलीहून रंगीतवाला आणला होता, आणि मी कॅमेरा घेऊन गेलो तर मला म्हणाला, "काका, आज तुम्ही पाहुणे." तो मान होता की अपमान, हे मला बारा वर्षांत ठरवता आलेलं नाही. गाळा मात्र देतो.

एक अट आहे. दुकानाच्या पाटीवर फक्त 'आरसा फोटो स्टुडिओ' असं दिसतं. १९५२ साली ती रंगवून घेतली तेव्हा खाली 'बनसोडे' असंही होतं. दोन महिने गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं, पाटी वाचायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. मग मी आडनावावर रंग मारला आणि धंदा चालू झाला. महेंद्रला पाटी भंगारात घालायची असेल तर आधी वरचा रंग खरवडावा, मग खुशाल घालावी.

कलम ३. मागची खोली, खाट, स्टोव्ह, भांडी आणि रेडिओ शेजारच्या साळूबाईंना द्यावा. त्या जिवंत आहेत तोवर त्यांना तिथून कोणी उठवू नये, महेंद्रनेसुद्धा. गेली अकरा वर्षं त्या माझ्या दोन भाकरी थापतात आणि दुपारी भिंतीपलीकडून विचारतात, "फोटोवालं, जेवलासा का?" दिवसभरात मला विचारला जाणारा हा एकच प्रश्न. कधी कधी जेवलेलो असूनही मी उशिरा उत्तर देतो, म्हणजे त्या पुन्हा विचारतात.

कलम ४. मागचा रंगवलेला पडदा, ज्यावर राजवाड्याचा जिना आणि तळ्यातली बदकं आहेत, तो शाळेच्या गॅदरिंगला द्यावा. त्या जिन्यापुढे अर्धा वाळवा तालुका बसून गेला आहे. लाकडी कॅमेरा आणि त्याची तिपाई शाळेनेच घ्यावी, पोरांना आत उलटं चित्र कसं दिसतं ते दाखवायला. कॅमेऱ्यावर टाकायचं काळं फडकं तेवढं समोरच्या रंगीत लॅबवाल्याला द्यावं. तो गिऱ्हाइकांना सांगत असे की म्हाताऱ्याच्या फोटोत जिवंत माणूसपण मेल्यासारखा दिसतो. फडक्याचा त्याला काही उपयोग होणार नाही. नसावाच.

कलम ५. निळी पत्र्याची ट्रंक. तिच्यात एकशे सदतीस फोटो आहेत. काही मला ज्यांनी धंदा शिकवला त्यांच्याकडून आलेले, बाकीचे माझे. लोकांनी काढून घेतले आणि न्यायला आले नाहीत असे. कुणी मेलं, कुणाची सोयरीक मोडली, कुणी मुंबई गाठली, कुणी नुसतंच विसरलं.

शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले नानासो कुंभार आणि मी गेली वीस वर्षं दर सोमवारी चहा घेऊन बसतो, ट्रंकेतून एक फोटो काढतो आणि त्याची गोष्ट लावतो. माझ्या आठवड्यात सोमवार सोडला तर दुसरा वार नाही. एका फोटोत नवरदेव सरळ समोर बघतोय आणि नवरी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे. नानासो म्हणाला, "पोरीला न्हवरा पसंत न्हाई, बळंच उभी केलीया." तीन सोमवार आम्ही त्या पोरीसाठी हळहळलो. पुढे एक बाई फ्रेम करायला आली, तिनं तो फोटो बघितला आणि म्हणाली, "आवं, ही तर माजी आत्ती. वेणीत सोन्याची फुलं घातली हुती, ती दिसाय नगोत व्हय?" फोटो मात्र नेला नाही. म्हणाली, तोंडच न्हाई त्यात, नेऊन काय करू.

दुसरा एक पैलवान आहे. खांद्यावर गदा आणि डोळ्यांतून पाणी. नानासोचं मत, कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, होती आणि गड्याला लाज वाटतीय. खरं कारण म्हणजे मी उजेडाची पूड जास्त पेटवली होती, तिचा धूर त्याच्या डोळ्यांत गेला. तिसऱ्यात एक कुटुंब आहे आणि मध्ये टेबलावर फुलदाणी. फुलदाणीला खाली घोड्याचे पाय आहेत. ही मंडळी १९५७ साली आली. आदल्या वर्षी त्यांनी धम्म घेतला होता आणि जुन्या फोटोत मधोमध घोड्यावरचा खंडोबा. म्हणाले, देव काढून टाका. मी देवाच्या जागी फुलदाणी रंगवली, पण घोड्याचे पाय राहून गेले. त्यांनी बघितलं, हसले आणि ठेवून गेले. आणखी एका फोटोत दोन माणसं, मधल्या खुर्चीवर कोंबडा आणि तिघांच्याही गळ्यात हार. हा मीच काढलेला आहे आणि मला काही म्हणता काही आठवत नाही. नानासो म्हणतो कोंबडा जिंकला असेल. माझं म्हणणं, जिंकला असता तर त्या दोघांनी एवढी तोंडं पाडली नसती.

ही ट्रंक मी नानासोला देतो. बाजाराच्या दिवशी त्याने त्यातले दहा-दहा फोटो दुकानाबाहेर दोरीला लावावेत. जो ओळखेल त्याला देऊन टाकावेत. अट एवढीच की फोटोखाली आपली गोष्ट लिहून लावायची नाही. आम्ही लावलेल्या गोष्टींपैकी जेवढ्या तपासता आल्या त्या जवळजवळ सगळ्या खोट्या निघाल्या. चहाबरोबर खोटी गोष्ट पचते. तीच गावात सुटली की माणसाचं वाटोळं करते. हे मला कसं ठाऊक ते आता लिहितो.

कलम ६. आधी माझ्या फोटोबद्दल. १९५९ साली माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि माझ्या भावाकडून, दगडूकडून, कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून घेतला. कोट उसना होता. तो फोटो पाच घरी पाठवला आणि पाचही घरांतून परत आला. पाचव्या घरानं तर पाकीटही बदललं नव्हतं, माझ्याच पाकिटात घालून पाठवला. त्यानंतर मी स्थळ बघितलं नाही. त्या फोटोची काच, म्हणजे लोक आता निगेटिव्ह म्हणतात ती, माझ्याकडे आहे. तिचं काय करायचं ते पुढच्या कलमात.

कलम ७. ट्रंकेच्या तळाशी ४१२ नंबरचं पाकीट आहे. त्यातल्या फोटोत एक नवी नवरी खुर्चीत बसली आहे आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. नानासोनं ह्या फोटोची पंधरा वेळा तरी गोष्ट लावली असेल. दर वेळी मी म्हणालो, आठवत नाही. हे खोटं होतं. मला तिचा सगळा दिवस आठवतो, तिच्या बांगड्यांचा रंगसुद्धा.

आमच्याकडे एक रीत होती. बाईमाणसाचा एकटीचा फोटो काढायचा नाही, कारण भिंतीवर एकटा असतो तो मेलेल्याचा. मग नवरा पलटणीत असला की बायको यायची, तिच्या बाजूला रिकामी खुर्ची ठेवून आम्ही फोटो घ्यायचो. नवऱ्याचा फोटो टपालानं आला की कापून त्या खुर्चीत बसवायचा, सांधा ब्रशानं भरायचा आणि पुन्हा एक फोटो घ्यायचा. ह्याला जोडफोटो म्हणत. असे किती संसार मी कात्रीनं जुळवले आहेत त्याची गणती नाही.

ही बाई बाळाबाई यल्लाप्पा वाघमारे. इथून चार मैलांवरच्या वाडीतली. नवरा यल्लाप्पा शिपाई, रजा संपवून परत पलटणीत गेलेला. फेब्रुवारी १९६२ मध्ये ती सासूबरोबर आली. यल्लाप्पा आपला फोटो थेट माझ्या पत्त्यावर पाठवणार होता, कारण वाडीला टपाल दुमडून जायचं. त्यानंतर बाळाबाई बाजारला आली की दारात उभी राहून विचारायची, "आला का वो फोटू?" मी म्हणायचो, नाही आला. ती म्हणायची, "यील की." एवढंच. याच्यापेक्षा एक अक्षर जास्त आमच्यात बोलणं झालेलं नाही, आणि हे मी मरणाच्या कागदावर लिहीत आहे. पण बाजाराच्या दिवशी मी दाढी करू लागलो होतो. हेही लिहून ठेवतो.

ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. वर्षअखेरीला तार आली, यल्लाप्पा चीनच्या लढाईत गेला. दहा-बारा दिवसांनी ती पोरीला घेऊन आली. कपाळ मोकळं होतं. म्हणाली, "आता त्यो फोटू यायचा न्हाई. हाय तसाच छापून द्या. खुर्ची तशीच ऱ्हाऊ द्या."

मी तसा छापला. आणि मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, उत्तरेच्या खिडकीत उजेड चांगला होता, मी माझा तो पाच वेळा परत आलेला फोटो काढला, कापला आणि त्या खुर्चीत बसवला. सांधा इतका नीट भरला की आयुष्यात तसा पुन्हा जमला नाही. कुणाला दाखवायचा नव्हता. नुसतं बघायचं होतं, कसं दिसतं ते. चांगलं दिसत होतं.

माझ्या कामाची पद्धत अशी की नंबर फोटोला नाही, मूळ काचेला. एका काचेवरून जे जे छापीन त्या सगळ्याच्या पाकिटांवर एकच नंबर. म्हणून दोन्ही पाकिटांवर मी ४१२ घातला. जानेवारीत बाळाबाईचा दीर तात्याबा फोटो न्यायला आला. मी खण उघडला, ४१२ बघितला आणि पाकीट माझ्या हातानं त्याच्या हातात दिलं. दिवेलागणीला खण पुन्हा उघडला तर आत रिकामी खुर्ची होती.

मी मागे धावलो नाही. चार मैल काही फार नव्हते, सायकल होती. मार बसेल म्हणून भ्यालो. आठ दिवसांत बातमी आली की बाळाबाईला पोरीसकट तिच्या भावाकडे, कराडजवळ मलकापूरला, पोचवली. पोरगी फोटोवाल्याची, असं वाडीत झालं. तात्याबाला भावजयीला घराबाहेर काढायला निमित्त पाहिजे होतं, ते मी पाकिटात घालून दिलं. पोरगी झाली त्याच्या आधी नऊ महिने यल्लाप्पा रजेवर घरी होता, हे बोटं मोजून कुणालाही कळलं असतं. पण गोष्ट रंगली की बोटं कोण मोजतंय?

आता सगळ्यात वाईट भाग. हॉटेलात लोक मला कोपरानं ढोसायचे. "काय आकाराम, लपवून ठिवलंस व्हय रं गड्या?" मी नाही म्हणालो नाही. हसायचो. पाच घरांनी परत पाठवलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी कुणाचा तरी समजत होतं. एका बाईची आयुष्यभराची अब्रू गेली आणि मला त्यातून एक संसार मिळाला, खोटा का होईना. तो मी तीस वर्षं सांभाळला. मला स्वतःची शिसारी येते.

अजून संपलं नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये माझ्या नावानं पलटणीकडून एक पाकीट आलं. यल्लाप्पाच्या सामानात सापडलं होतं, पत्ता घातलेला पण टपालात न टाकलेलं. आत त्याचा फोटो आणि चिठ्ठी. ती जशीच्या तशी उतरवतो:

"फोटोवाले दादास जयभीम. सोबत फोटो धाडतो. साहेबानं काढला. मुद्दाम खोक्यावर बसून काढलाय, म्हंजे खुर्चीत बसवाय सोपं जाईल. मुलगी झाल्याचं घरचं पत्र पोचलं. नाव विजयमाला ठेवा म्हणून कळवलंय. बाळाबाईचा माझ्या लेकीला मांडीवर घेऊन आणखी एक फोटो काढा आणि मला धाडा. इथं लय थंडी हाय. यल्लाप्पा भाऊ वाघमारे."

खाली तारीख ९ ऑक्टोबर १९६२. 'माझ्या लेकीला' असं त्याच्या हातचं आहे. हा कागद त्या वेळी वाडीत नेऊन वाचला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी तो ट्रंकेत ठेवला. दिला असता तर ती खुर्ची भरली असती.

१९८९ साली बाळाबाई गेल्याचं कळलं. मी सगळं पिशवीत घालून मलकापूरला गेलो. विजयमाला तिथे शाळेत शिकवते. तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं. आईच्या ओळखीचं कुणीतरी म्हातारं माणूस, म्हणून खुर्ची दिली, चहा केला. भिंतीवर बाळाबाईचा फोटो होता, कुठल्याशा अर्जासाठी काढलेला, वाईट. मी विचारलं, वडिलांचा फोटो दिसत नाही. ती म्हणाली, "एकपण नाही. कसे दिसायचे मला माहीत नाही. आईला विचारलं की ती गप्प बसायची." मग सहज सांगितल्यासारखं म्हणाली की तिच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी मामाचं नाव आहे. वाडीत दर सव्वीस जानेवारीला शहीद यल्लाप्पाच्या वारसाला शाल देतात, ती तात्याबाचा मुलगा घेतो. "मी एकदा जाऊन मागं उभी राहिले होते," ती म्हणाली. "चुलत्यानं विचारलं, तू कुणाची गं?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी चहा प्यायलो, बशी खाली ठेवली आणि कराडच्या स्टँडवर चालत गेलो.

म्हणून ह्या कलमाने मी लिहून ठेवतो की विजयमाला ही यल्लाप्पा भाऊ वाघमारे यांचीच मुलगी आहे. जोडफोटो खोटा आहे. दोन्ही मूळ काचा शेजारी धरल्या की कोणत्याही फोटोवाल्याला कळेल. बाळाबाईवर उजेड डावीकडून आहे, माझ्यावर उजवीकडून, आणि काचांच्या कडेला माझ्या हातच्या तारखा आहेत, त्यांत तीन वर्षांचं अंतर आहे. रिकाम्या खुर्चीचा फोटो, दोन्ही काचा, यल्लाप्पाचा फोटो, चिठ्ठी आणि पलटणीचं पाकीट माझ्या मृत्यूनंतर विजयमालाच्या ताब्यात द्यावं.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पूर्ण.

पूर्ण झालं नाही. पुढचा मजकूर रविवार दि. १३ ऑक्टोबर रोजी त्याच कागदाला जोडून लिहीत आहे. त्याचं कारण असं की दि. ७ रोजी, सोमवारी, मी हे नानासोकडे साक्षीदार म्हणून सहीला नेलं. सही करायची, वाचायचं नाही, असं त्याला म्हणालो. तो म्हणाला, "घड्याळ उघडल्याबगार दुरुस्त झालं म्हंतो का मी कवा?" आणि भिंगाचा डोळा लावून पहिल्यापासून वाचायला बसला. कोंबड्यापाशी हसला. कलम सात वाचताना चहा गार झाला.

मग भिंग काढून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वीस वर्सं त्या बाईची गोष्ट लावत बसलो मी. आन् तू शेजारी बसून ऐकत हुतास."

मी म्हणालो, हो.

"मेल्यावर द्यायचं म्हंतूस. तू काय लगीच मरतूस व्हय रं? आणि धा वर्सं जगलास तर? आणि धा सव्वीस जानेवाऱ्या तिनं मागं हुबं ऱ्हायाचं?" त्यानं कागद घडी घालून माझ्या खिशात घातला. "मी सही करत न्हाई. कराडची यस्टी रोज हाय."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, तोही माझ्याशी बोलला नाही. काल शनिवारी मी मलकापूरला जाऊन आलो. त्यामुळे कलम सातातील शेवटचं वाक्य, म्हणजे मृत्यूनंतर ताब्यात द्यावं हे, रद्द समजावं. ते मी जिवंतपणी दिलं आहे.

शाळा सुटून ती नुकतीच घरी आली होती. तिनं लगेच ओळखलं. "तुम्ही आईच्या वेळी आला होता." मी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली आणि काय काय आहे ते क्रमानं सांगितलं, काही वगळलं नाही, हॉटेलातलं हसणंसुद्धा. तिनं चिठ्ठी उभ्यानंच वाचली. पुन्हा वाचली. मग यल्लाप्पाचा फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"कान माझ्यासारखे हायत," ती म्हणाली. शाळेतली बाई, एरवी शुद्ध बोलते.

मी विचारलं, दोघांचा जोडून देऊ का, डोळे अधू आहेत पण हात अजून चालतो. ती म्हणाली, "नको. आता कुणी काही जोडायचं नाही. दोन फ्रेमा करून शेजारी लावीन." आईनं खुर्ची तशीच राहू द्या म्हटलं होतं, हे तिला मी आधीच सांगितलं होतं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा, आई गेली तेव्हा, हे सगळं तुमच्या पिशवीत होतं?"

"होतं."

"मी चहा केला होता तुमच्यासाठी."

मग तिनं सांगितलं ते असं की, ही सगळी हकीकत मामलेदार कचेरीत शिक्क्यानिशी लिहून द्या, सव्वीस जानेवारीच्या आत, आणि वाडीत ती वाचायची वेळ आली तर येऊन तोंडानं सांगा. मी दोन्ही कबूल केलं आहे. त्याआधी मी मेलो तर हा कागद तिथे वाचावा, आणि नानासोनं मोठ्यानं वाचावा, त्याचा आवाज चांगला आहे.

मी तिथे अर्धा तास होतो. एवढ्या वेळात तिनं मला बसा म्हटलं नाही. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. बरोबरच आहे, मी तिच्या जागी असतो तर मीही म्हटलं नसतं.

निघताना तिनं बाळाबाईची काच, दोन्ही फोटो, पाकीट आणि चिठ्ठी ठेवून घेतली. माझी काच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "खोटं होतं हे तुम्ही लिहून देणारच आहात. ही तेवढी घेऊन जावा."

कलम ८, शेवटचं. माझ्या फोटोची ती काच माझ्या मृत्यूनंतर नानासोनं कढत पाण्यात धुवावी. वरचा थर निघून जातो आणि खाली चांगली काच राहते. ती एखाद्या घड्याळाच्या पेटीला लावावी. मी ती आजच धुतली असती, पण वाडीत सांगायची वेळ आली तर दाखवायला लागेल. तोवर ती माझ्याकडे राहील. हा फोटो परत आल्याची ही सहावी वेळ.

वरचा सगळा मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे. माझ्या मागे ह्यातलं काही बदलू नये.

ठिकाण: इस्लामपूर
तारीख: १३ ऑक्टोबर १९९६

(सही) आकाराम धोंडी बनसोडे

साक्षीदार
१. (सही) नानासो कुंभार, घड्याळदुरुस्ती, इस्लामपूर. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मग सही केली.
२. (सही) शंभूराज मोहिते, स्टँपव्हेंडर, इस्लामपूर. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो रडत होता, पण शुद्धीवर होता.